स्मृतिफलकावरचा 'यू': नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेतील लॅटिन वाक्प्रचारांच्या लेखनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका शिक्षणसंस्थेचे आहे. संस्थेचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. या कामात प्रस्तुत लेखकाचा सहभाग भाषा-तपासनीस म्हणून होता.

संस्थेची सुरुवात मराठी माध्यमाच्या शाळेने झाली. पुढे कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय आले आणि अलीकडे इंग्रजी माध्यमाची तुकडीही निघाली. कार्यालयाचा रोजचा व्यवहार मराठीत चालतो, परंतु विद्यापीठाशी, बँकांशी आणि परदेशी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वतीने होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत असतो. हा इंग्रजी मजकूर सहसा कोणी नव्याने लिहीत नाही. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, नावे आणि तारखा बदलायच्या आणि सहीला पाठवायची, अशी रीत आहे. त्यामुळे एखादा शब्द एकदा चुकला की तो कोणाच्याही लक्षात न येता पुढच्या प्रत्येक पत्रात उतरतो, आणि काही वर्षांनी 'आपल्याकडे असेच लिहितात' हाच त्याचा आधार होऊन बसतो.

वर्धापनाच्या निमित्ताने संस्थेने चार कामे एकाच वेळी हाती घेतली होती: स्मरणिका, नव्या वर्षाची माहितीपुस्तिका, कर्मचाऱ्यांच्या सेवानियमांची इंग्रजी आवृत्ती आणि नव्या अभ्यासिकेचा ग्रॅनाइटचा फलक. अभ्यासिकेसाठीची देणगी संस्थेतच आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या एका दिवंगत शिक्षकांच्या मुलांनी दिली होती. सगळ्या मजकुराची अक्षरजुळणी शालिमार भागातील एका डीटीपीच्या दुकानात झाली.

समस्या

समारंभ जेमतेम दोन आठवड्यांवर आला असताना संस्थेतून निवृत्त झालेले संस्कृतचे एक शिक्षक कारागिराकडे फलक पाहायला गेले. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत पहिलीच ओळ 'इन मेमोरियम', म्हणजे 'स्मरणार्थ', अशी होती. देवनागरीत ती निर्दोष दिसते. इंग्रजी लिपीत मात्र अखेरच्या 'एम'च्या आधी 'ए' असायला हवा, तेथे 'यू' कोरला गेला होता. शिवाय त्यापुढे 'ऑफ' जोडून मग नाव दिले होते. सरांनी त्याच संध्याकाळी कार्यालयात येऊन सांगितले की 'मेमोरिया' हा लॅटिनमधील आकारान्त स्त्रीलिंगी शब्द आहे आणि त्याचे हे रूप होऊच शकत नाही.

एक चूक सापडल्यावर बाकीचा मजकूर तपासणे भाग होते. माहितीपुस्तिकेत माजी विद्यार्थ्यांच्या पानावर 'अल्मा मेटर' (आपण शिकलो ती संस्था) यातील 'मेटर' दोन 'टी' घालून, म्हणजे 'बाब' किंवा 'पदार्थ' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा, लिहिला होता. 'एट सेटेरा'च्या संक्षेपात 'टी' आणि 'सी' यांची अदलाबदल झाली होती. प्राचार्यांच्या मनोगतात 'पर से'मधील 'से' हा 'म्हणणे' या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाप्रमाणे 'एस-ए-वाय' असा छापला गेला होता. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या बोनाफाईड दाखल्याच्या शीर्षकात 'एफ-आय-ई-डी' असा शेवट होता. सेवानियमांत 'पर अ‍ॅनम'मध्ये एकच 'एन' होता, 'म्युटॅटिस म्युटॅंडिस'चा अखेरचा 'एस' गळाला होता, 'अ‍ॅड हॉक' हा जोडून आणि शेवटी 'के' लावून लिहिला होता आणि 'सुओ मोटू' (स्वतःहून) याचे 'सुओ मोटो' झाले होते.

संस्थेतील पहिली प्रतिक्रिया डीटीपीच्या दुकानाला दोष देण्याची होती. पण कार्यालयाने पाठवलेल्या मूळ प्रती काढून पाहिल्यावर यांपैकी बहुतेक रूपे तेथूनच आलेली आढळली, आणि चूक कोणाची हा प्रश्न तेथे मागे पडला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा होता की इंग्रजी चांगले लिहिणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांखालून गेलेला हा मजकूर कोणालाच कसा खटकला नाही.

चुकांचे मूळ

या प्रश्नावर आम्ही पुरेसा वेळ दिला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम तेच होते. या चुका नाशिकच्या किंवा मराठी माणसाच्या खास चुका नाहीत. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतच वाढलेले लोकही 'पर से' आणि 'मेमोरियाम' याच प्रकारे चुकवतात. हे वाक्प्रचार लोकांच्या कानी आधी पडतात आणि डोळ्यांना नंतर दिसतात. इंग्रजीत आघात नसलेल्या अक्षरातील स्वर बोलताना इतके पुसट होतात की 'ए' आणि 'यू' यांत फरक उरत नाही. मग लिहिणारा मनात असलेल्या परिचित शब्दाचा आधार घेतो.

मराठीत या पुसटपणावर आणखी एक थर चढतो. स्टेडियम, ऑडिटोरियम, प्रीमियम, जिम्नॅशियम हे सगळे शब्द आपण 'यम'ने संपवतो आणि त्या सर्वांच्या इंग्रजी लेखनात 'आय-यू-एम' असते. त्याच 'यम'ने आपण 'मेमोरियम' लिहितो. देवनागरीतून इंग्रजीकडे परत जाताना हात सवयीने 'यू'कडेच वळणार. 'हेबियस कॉर्पस' (बंदी प्रत्यक्षीकरण) याचेही तेच होते. सिलॅबस, कॅम्पस, व्हायरस यांच्या संगतीने 'हेबियस'च्या शेवटी 'ए-एस'ऐवजी 'यू-एस' येतो, जरी भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 32 आणि 226 मध्ये तो शब्द 'ए'सह छापलेला आहे. तेथील 'हेबियस' हे नाम नाहीच. ते 'तुझ्याकडे असावे' अशा अर्थाचे क्रियापद आहे, आणि 'यू-एस' हा नामांचा शेवट त्याला लागण्याचा संबंध नाही.

दुसरा गट अर्थाच्या ओढीने बिघडलेल्या शब्दांचा होता. 'पर से' ऐकणाऱ्याला त्यात 'म्हणणे' हे क्रियापद ऐकू येते, कारण वाक्यात ते 'असे म्हणता येईल' अशा जागी बसते. प्रत्यक्षात तेथील 'से' हे निजवाचक सर्वनाम असून आपल्या 'स्व'चे नात्यातले आहे. पूर्ण अर्थ 'स्वतःमुळेच, मुळातच' असा होतो. 'सर्टिफाइड', 'व्हेरिफाइड', 'क्वालिफाइड' या कार्यालयीन शब्दांच्या शेजारी राहून मूळ लॅटिन 'बोना फाइडे'चा शेवट त्यांच्यासारखा झाला. 'अधिकाराबाहेर' या अर्थाच्या 'अल्ट्रा व्हायरीज'चे 'व्हायरस' होणे किंवा 'बेमुदत' या अर्थाच्या 'साइने डाय'मधील पहिल्या शब्दाला 'खूण' या अर्थाचे स्पेलिंग मिळणे याच जातीचे आहे. या गटाची खरी अडचण अशी की चुकीने येणारे बहुतेक शब्द इंग्रजीत अस्तित्वात असतात, म्हणून संगणकाची शब्दतपासणी त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. 'मेमोरियम' मात्र तिने पकडला असता. तो निसटला, कारण फलकाची फाईल कोरलड्रॉमध्ये तयार झाली होती आणि कोरणाऱ्याकडे पाठवण्यापूर्वी अक्षरांचे आकृतिरेषांत रूपांतर केलेले होते. त्यानंतर ती संगणकाच्या लेखी अक्षरे राहत नाहीत.

तिसरा गट जोडशब्दांचा. 'अ‍ॅडहॉक', 'डिफॅक्टो', 'प्रोराटा', 'बोनाफाईड' हे आपण मराठीत सलग लिहितो, एका श्वासात म्हणतो, आणि इंग्रजीतही सलगच टंकतो. हे दोष सौम्य आहेत. रूढ कोशांत हे वाक्प्रचार दोन शब्दांत दिलेले असतात, परंतु सलग रूपामुळे कोणाचा गैरसमज होत नाही.

संस्कृतच्या सरांनी या वेळी जे केले ते नोंदवण्यासारखे आहे. त्यांनी कार्यालयातील कर्मचाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवून कागदावर 'माला' शब्दाची द्वितीया लिहिली. "मॅडम, आपण शाळेत 'माला, मालाम्' पाठ केले होते, तेच येथे आहे," असे म्हणत त्यांनी शेजारी 'मेमोरिया, मेमोरियाम' आणि 'नॉसिया, नॉसियाम' लिहिले. त्याखाली 'फलम्'च्या ओळीत 'ऑडिटोरियम' आणि 'अ‍ॅड इन्फिनिटम'मधला 'इन्फिनिटम' ठेवला. 'अ‍ॅड नॉसियाम'ला 'ए' आणि 'अ‍ॅड इन्फिनिटम'ला 'यू' का, याचे उत्तर त्या एका कागदात मिळाले: दोन्ही द्वितीया आहेत, पण शब्दांची घडण वेगळी. 'बोना फाइडे' आणि 'प्राइमा फेसी' यांना त्यांनी 'सद्भावेन'सारखी तृतीया म्हटले. लॅटिनमध्ये ज्या विभक्तीला अ‍ॅब्लेटिव्ह म्हणतात तिच्याकडे आपल्या तृतीयेची आणि पंचमीचीही कामे असतात, त्यामुळे ही जोडी योग्य ठरते. 'करिक्युलम व्हिटे'मधील 'व्हिटे' ही षष्ठी, म्हणजे 'जीवनाचा'. म्हणून शेवटचा 'ई' गाळला तर 'जीवनाचा प्रवास'ऐवजी 'जीवन प्रवास' असे दोन सुटे शब्द उरतात. आणि 'म्युटॅटिस म्युटॅंडिस' ही रचना तर संस्कृतातील सति सप्तमीचीच सख्खी बहीण आहे: 'बदलायचे ते बदलले असता'. दोन्ही शब्द एकाच विभक्तीत एकमेकांशी बांधलेले असल्याने दोघांच्याही शेवटी 'एस' हवाच. ज्यांनी सति सप्तमी शिकली आहे त्यांना हा 'एस' पुन्हा पाठ करावा लागत नाही.

'सुओ मोटू'ची कथा थोडी वेगळी. 'सुओ'च्या शेवटी 'ओ' आहे, म्हणून कान पुढच्या शब्दातही 'ओ' शोधतो आणि यमक जुळवतो. परंतु 'मोटुस' हा उकारान्त वर्गातील शब्द आहे आणि त्याची ही विभक्ती 'यू'नेच संपते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्ये तो 'यू'सह आहे, तरी वृत्तपत्रांत आणि अर्जांत 'मोटो' सर्रास आढळतो.

पर्याय आणि निर्णय: फलक

फलकाबाबत वेळ सर्वांत कमी होता, म्हणून तो निर्णय आधी घ्यावा लागला. तसाच बसवावा असे म्हणणारे संस्थेत होते. उंचावर लावायचा दगड कोण इतक्या बारकाईने वाचणार, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा देणगीदार कुटुंबासमोर टिकला नाही. त्यांना बोलावून चूक स्पष्ट सांगितल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, "अण्णांनी हा 'यू' लाल शाईने गोल केला असता." आयुष्यभर मुलांचे स्पेलिंग तपासलेल्या माणसाच्या नावावर चुकीची ओळ ठेवणे मलाही अयोग्य वाटत होते, आणि ते मी तेथे सांगितले.

कारागिराने दुसरा मार्ग सुचवला. चुकीचे अक्षर काळ्या भुकटीच्या इपॉक्सीने बुजवून त्यावर नवे कोरता येते. त्याने असे केलेला एक जुना तुकडा दाखवला. समोरून पाहताना डाग कळत नव्हता, तिरप्या उजेडात मात्र चौकोन उठून दिसत होता. त्याहून मोठी अडचण 'ऑफ'ची होती. 'इन मेमोरियाम'नंतर थेट नाव येते. 'ऑफ' हा 'इन मेमरी ऑफ' या इंग्रजी रचनेतून येथे मिसळला गेला होता. एक अक्षर बुजवून भागणार नव्हते, पूर्ण शब्द काढून ओळ पुन्हा मध्यावर आणावी लागली असती. पितळी पट्टी ठोकून ओळ झाकण्याचा पर्याय कुटुंबाने ऐकताच नाकारला.

उरले नवा दगड आणि मजकूर मराठीत करणे. संस्थेच्या सचिवांचे मत होते की मराठी संस्थेत 'यांच्या स्मरणार्थ' एवढे पुरेसे आहे आणि लॅटिनचा आग्रह धरण्याचे कारण नाही. या मताला वजन आहे. खुद्द इंग्लंडमध्ये 1733 पासून न्यायालयीन अभिलेख लॅटिनऐवजी इंग्रजीत लिहिले जाऊ लागले, आणि 1999 मध्ये लागू झालेल्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांनी तर 'एक्स पार्टे' (एकतर्फी) यासारखे उरलेसुरले शब्दही बाजूला सारून त्यांच्या जागी साधे इंग्रजी शब्द आणले. जे त्यांनी सोडले ते आपण का जपावे, हा प्रश्न रास्त होता. कुटुंबाचे म्हणणे असे की वडिलांचे सारे आयुष्य इंग्रजीत गेले, त्यांच्या नावावर ती ओळ असावी. फक्त ती शुद्ध असावी.

शेवटी कारागिराच्याच एका सूचनेने मार्ग निघाला. दगडाची मागची बाजू कोरी होती. ती पॉलिश करून तीवर नवा मजकूर कोरायचा आणि जुनी बाजू भिंतीकडे करायची. वेळेत होणारे आणि नव्या दगडापेक्षा कमी खर्चाचे असे हे काम होते. वर मोठ्या अक्षरांत 'यांच्या स्मरणार्थ' आणि खाली लहान अक्षरांत लॅटिन ओळ, 'ऑफ' वगळून, असा मजकूर ठरला. या वेळी रेषांत रूपांतर करण्यापूर्वीची कागदी प्रत कुटुंबातील एक व्यक्ती, संस्कृतचे सर आणि संस्थेचे सचिव अशा तिघांच्या सहीने पुढे गेली.

पर्याय आणि निर्णय: सेवानियम

सेवानियमांबाबत घाई नव्हती, पण प्रश्न अधिक नाजूक होता. माझा पहिला कल सगळ्या चुका सरळ दुरुस्त करून छापायला देण्याचा होता. संस्थेच्या वकिलांनी ते थांबवले. नियमांचा मसुदा सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला आहे, त्यातील शब्द मुद्रितशोधनाच्या नावाखाली परस्पर बदलता येणार नाहीत, मग तो बदल एका अक्षराचा का असेना, असे त्यांचे म्हणणे होते. चुकीच्या लेखनाने एखादा नियम निकामी होईल असे त्यांना वाटत नव्हते, कारण हेतू स्पष्ट होता. परंतु मंजूर प्रत आणि छापील प्रत यांत फरक पडला, तर उद्या एखाद्या वादात त्याच फरकावर बोट ठेवले जाऊ शकते.

हा युक्तिवाद मला पटला. तरीही एक नोंद तातडीची होती. वेतनाच्या कलमात वार्षिक वाढीसाठी वापरलेला 'पर अ‍ॅनम' एकाच 'एन'ने लिहिला होता. लॅटिनमध्ये दोन 'एन'चा 'अ‍ॅनुस' म्हणजे वर्ष, तर एका 'एन'चा 'आनुस' हा गुदद्वाराचा वाचक शब्द आहे. कर्मचाऱ्यांच्या हाती पडणाऱ्या पुस्तिकेत हे राहू देणे कोणालाच मान्य नव्हते. म्हणून मूळ मजकुराला हात न लावता पुस्तिकेच्या आरंभी कार्यकारी मंडळाच्या ठरावाने शुद्धिपत्र जोडावे आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ते कायम करून घ्यावे, असा मधला मार्ग निघाला.

शुद्धिपत्रात काय घ्यायचे यावर बराच खल झाला. 'पर अ‍ॅनम', 'म्युटॅटिस म्युटॅंडिस' आणि 'अ‍ॅड हॉक'चा 'के' यांवर एकमत होते. 'सुओ मोटो'वर वकिलांनी आग्रह धरला नाही, कारण ते रूप त्यांच्या रोजच्या वाचनातले होते. मी तो घेण्याच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे. केंद्रीय अधिनियमातच शुद्ध रूप छापलेले असताना संस्थेच्या नियमांनी वेगळे लिहिण्याला आधार नाही. तो घेतला गेला. 'प्रोराटा' सलग राहू द्यावा, एवढ्यासाठी शुद्धिपत्र लांबवू नये, या मताशी मात्र मी सहमत झालो. शुद्धिपत्राच्या शीर्षकाचाही विचार करावा लागला. एकच दुरुस्ती असेल तर 'कॉरिजेंडम', अनेक असतील तर 'कॉरिजेंडा'. आमच्या हाती अनेक होत्या, त्यामुळे अनेकवचन घेतले.

पर्याय आणि निर्णय: दाखला आणि मनोगत

बोनाफाईड दाखल्याचे लेखन हा सर्वांत जास्त लोकांना स्पर्श करणारा विषय होता. हा दाखला बँकेत, शिष्यवृत्तीच्या अर्जाला, रेल्वेच्या सवलतीला आणि परदेशी विद्यापीठांकडेही जातो. 'एफ-आय-ई-डी' हा शेवट काढायचा यात वाद नव्हता. प्रश्न सलग की सुटे हा होता. कार्यालयाचे म्हणणे होते की बहुतेक अर्जांवर हा शब्द सलगच असतो आणि वेगळे लिहिले तर एखादा लिपिक दाखला परत पाठवेल. कोशातले रूप सुटे आहे. विचारांती शीर्षकात आणि मजकुरात दोन्हीकडे सुटे रूप घ्यायचे ठरले. त्यामागे मुख्य कारण हे की परदेशी प्रवेश-कार्यालयांना कोशातलेच रूप अपेक्षित असते, आणि नाशिकमधला लिपिक मधल्या एका रिकाम्या जागेमुळे दाखला अडवील ही भीती मला अवास्तव वाटत होती.

प्राचार्यांच्या मनोगतातील चूक सांगायची कोणी, यावर दोन दिवस टाळाटाळ झाली. शेवटी मीच गेलो. मॅडमनी शांतपणे ऐकून 'से'मध्ये 'वाय' का नाही हे विचारले, आणि 'स्व'शी असलेले नाते कळल्यावर त्यांनी त्या वाक्यातून वाक्प्रचारच काढून टाकला. तेथे तो नसला तरी अर्थाला काही कमी पडत नव्हते. माहितीपुस्तिकेतील 'अल्मा मेटर' आणि 'एट सेटेरा' हे दुरुस्त झाले. 'मेटर' म्हणजे 'मातृ'च, हे एकदा कळल्यावर दुसरा 'टी' कोणाच्या हातून पुन्हा पडेल असे वाटत नाही. 'एट सेटेरा'च्या आधी 'अँड' लिहिलेले काही ठिकाणी आढळले, तेही काढले, कारण 'एट'मध्ये 'आणि' आधीच आहे.

परिणाम

फलक वेळेत लागला. सेवानियमांची पुस्तिका शुद्धिपत्रासह वाटली गेली आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत शुद्धिपत्र चर्चेविना कायम झाले. सुटे लिहिलेला दाखला कोणत्याही बँकेने किंवा कार्यालयाने परत पाठवल्याचे कार्यालयाच्या नोंदीत नाही.

दाखल्याच्या कामात एक त्रुटी मात्र उरली. प्रवेशप्रक्रियेसाठी संस्थेने घेतलेल्या संगणकप्रणालीत दाखल्याचे शीर्षक पुरवठादाराकडून पक्के बसवलेले आहे आणि त्यात शब्द सलग आहे. त्यामुळे कार्यालयातून हाताने काढलेल्या दाखल्यावर एक रूप आणि प्रणालीतून निघालेल्या दाखल्यावर दुसरे रूप अशी स्थिती बरेच महिने राहिली.

अपेक्षा नसलेला परिणाम वेगळाच होता. विभक्तीच्या कागदाचा प्रभाव इतका पडला की 'यू'चा 'ए' करण्याची सवयच लागली. काही महिन्यांनी पाहुण्या व्याख्यात्याला पाठवलेल्या पत्रात 'ऑनरेरियम' (मानधन) हा शब्द 'आय-ए-एम' असा लिहिलेला सापडला, आणि एका सूचनेत 'ऑडिटोरियम'ही तसाच. दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, 'फलम्'च्या ओळीतले. त्यांत 'यू'च हवा. ज्यांनी हे लिहिले त्यांनी पूर्वी हे शब्द कधी चुकवले नव्हते. म्हणजे शिकवण्याने एक चूक गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. सरांच्या कागदावर दोन्ही ओळी होत्या, परंतु भिंतीवर चिकटवलेल्या छोट्या तक्त्यात जागेअभावी फक्त 'माला'ची ओळ उतरवली गेली होती.

वेगळे काय करता आले असते

तक्ता अर्धा लावण्याऐवजी दोन्ही ओळी समोरासमोर लावायला हव्या होत्या, आणि त्यातही शेवटापेक्षा मूळ शब्दावर भर हवा होता. 'मेमोरिया' हे मूळ लक्षात असेल तर 'मेमोरियाम' आपोआप येते. नुसता 'शेवटी ए' असा नियम लक्षात राहिला तर तो भेटेल त्या शब्दाला लागतो. सरांनी नंतर तक्ता नव्याने लिहून दिला. त्यात 'ऑनरेरियम' मुद्दाम घेतला आहे, आणि 'हेबियस' व 'मॅंडेमस' यांच्यापुढे 'क्रियापद' असे लिहिले आहे. 'मॅंडेमस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. त्याच्या शेवटचा 'मस' हा संस्कृतातील 'वदामः'च्या 'मः'चा भाऊ आहे, आणि म्हणूनच त्याला नामासारखे 'मॅंडेमाय' असे अनेकवचन लागू शकत नाही.

फलकाची प्रत रेषांत रूपांतर होण्यापूर्वी एकदा साध्या लेखनप्रणालीत चिकटवून तपासली असती, तर मोठ्यात मोठी चूक काही क्षणांत पकडली गेली असती. हे पाऊल आता डीटीपीच्या दुकानाशी झालेल्या लेखी व्यवस्थेत आहे. मात्र ते 'मेमोरियम'सारख्या चुकांपुरतेच चालते. 'अल्मा मेटर'साठी माणसाचा डोळा लागतोच, म्हणून अशा वाक्प्रचारांची एक छोटी यादी अंतिम वाचनाच्या वेळी शेजारी ठेवण्याची पद्धत सुरू केली आहे. ती यादी कोशातून उतरवलेली नाही. संस्थेच्या स्वतःच्या जुन्या फायलींत जे सापडले तेवढेच तिच्यात आहे, आणि म्हणून ती वाचली जाते.

सेवानियमांच्या बाबतीत मसुदा सभेपुढे जाण्यापूर्वीच भाषिक तपासणी व्हायला हवी होती. मंजुरीनंतर प्रत्येक अक्षराला ठराव लागतो. आणि त्या वेळी आणखी एक प्रश्न विचारता आला असता, जो नंतर विचारण्याला अर्थ उरला नाही: यांपैकी किती वाक्प्रचार मुळात लागतात? 'म्युटॅटिस म्युटॅंडिस'च्या जागी मराठी अधिनियमांत 'योग्य त्या फेरफारांसह' असे लिहिले जाते, आणि त्याचे साधे इंग्रजी करणे अवघड नाही. 'पर अ‍ॅनम'ऐवजी 'दर वर्षी' या अर्थाचे दोन साधे इंग्रजी शब्द चालले असते. 'सुओ मोटू' आणि 'बोना फाइडे' यांना मात्र कायद्यात आणि व्यवहारात निश्चित जागा आहे. ते ठेवावेत आणि शुद्ध लिहावेत, असे माझे मत आहे.

सेवानियमांची पुढील सुधारणा संस्थेने हाती घेतली असून तिचा मसुदा या वेळी सभेआधी संस्कृतच्या सरांकडे आणि वकिलांकडे एकत्रच गेला आहे. संगणकप्रणालीच्या पुरवठादाराला शीर्षक बदलण्याविषयी पुन्हा पत्र पाठवले आहे.